भूल तर उतरली, मग बाबा भ्रमात कसे?

पत्र : माझ्या बाबांचं वय ७९. मोठ्या आतड्यातल्या गाठीसाठी त्यांचं ऑपरेशन झालं, तीन तासांहून जास्त चाललं. गॅस देऊन पूर्ण भूल दिली होती. ऑपरेशन संपल्यावर डोळे उघडायला त्यांना पाऊण तास लागला, पण संध्याकाळी ते आमच्याशी नीट बोलले. दुसऱ्या रात्री मात्र सगळं बिनसलं. सिस्टर चोर आहेत म्हणाले, सलाईन उपटलं, मला ओळखेनात. हा प्रकार तीन रात्री चालला. आता घरी येऊन आठवडा झालाय. रात्री शांत असतात, पण दिवसभर पेंगतात, वर्तमानपत्र हातात धरून नुसते बसतात. मोठा भाऊ म्हणतो, भूल जास्त दिली, मेंदूवर परिणाम झाला. पुढच्या महिन्यात आईचं (वय ७४) पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. तिला पूर्ण भूल नको, कमरेतूनच द्या, असं आम्ही अडून बसावं का? की ऑपरेशनच टाळावं?

उत्तर : तुमच्या भावाचा राग मला समजतो, पण त्याने धरलेला आरोपी बहुधा चुकीचा आहे. तुमच्याच पत्रात एक वाक्य आहे : "संध्याकाळी ते आमच्याशी नीट बोलले." माझ्यासाठी ते सगळ्यात मोलाचं. भुलीचा गॅस अंगात राहून मेंदू गुंगवत असता, तर बाबा संध्याकाळी जास्त गोंधळलेले आणि दुसऱ्या रात्री सुधारलेले दिसले असते. झालं नेमकं उलटं.

गॅसची भूल बहुतांशी जशी आत जाते तशीच बाहेर पडते, श्वासातून. हल्ली सर्रास वापरतात त्या सेव्होफ्लुरेनचा २ ते ५ टक्के भाग यकृत मोडतं, बाकीचा जसाच्या तसा उच्छ्वासातून निघून जातो. डेसफ्लुरेन तर यकृताच्या वाट्याला जवळपास येतच नाही. जुन्या हॅलोथेनचा जवळजवळ पाचवा हिस्सा यकृतात जायचा आणि तो रक्तातही जास्त विरघळायचा, म्हणून त्या काळचे पेशंट तासन्‌तास गुंगीत असायचे. घरातल्या मोठ्यांनी ऐकवलेल्या भुलीच्या गोष्टी बऱ्याचदा त्या जमान्यातल्या असतात. गॅस रक्तात जितका कमी विरघळतो तितका लवकर बाहेर पडतो. हॅलोथेनचा हा विरघळण्याचा आकडा २.४ च्या आसपास, आयसोफ्लुरेनचा १.४, सेव्होफ्लुरेनचा ०.६५ आणि डेसफ्लुरेनचा ०.४२.

ऑपरेशन संपताना भूलतज्ज्ञाचं लक्ष पडद्यावरच्या एका छोट्या आकड्यावर असतं : पेशंटच्या उच्छ्वासात गॅस किती टक्के उरलाय. चाळिशीच्या माणसाला चीर देताना हलू न देण्यासाठी सेव्होफ्लुरेन सुमारे २ टक्के लागतं. वय वाढेल तशी ही गरज दर दहा वर्षांना साधारण ६ टक्क्यांनी घटते, म्हणून ऐंशीच्या घरातल्या माणसाला दीड टक्क्याच्या आसपास पुरतं. शेवटचे टाके पडत असताना गॅसचं बटण बंद होतं, ऑक्सिजनचा प्रवाह वाढवला जातो आणि तो आकडा उतरू लागतो. आधी भराभर, मग रेंगाळत. लागणाऱ्या प्रमाणाच्या एक तृतीयांशापर्यंत आला की माणूस हाकेला डोळे उघडण्याच्या बेतात येतो. तुमच्या बाबांच्या वयात तो साधारण अर्धा टक्का धरा. मग कानाशी जरा मोठ्याने, "आजोबा, डोळे उघडा. माझा हात दाबा. मान वर उचला, तशीच धरा." हात दाबणं आणि मान पाच सेकंद धरून ठेवणं याला महत्त्व आहे, कारण माणूस जागा झाला तरी स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल शिल्लक असू शकतो. तो उतरला की नाही हे पक्कं कळायला मनगटाशी नसेला हलका विजेचा झटका देऊन अंगठ्याची हालचाल मोजतात.

मग पाऊण तास का लागला? तीन तासांच्या ऑपरेशनात गॅस स्नायूंत आणि चरबीत जाऊन मुरतो आणि तिथून हळूहळू परत रक्तात येतो. शिवाय उघड्या पोटाने एवढा वेळ थंड खोलीत पडलेल्या वृद्धाचं शरीर गार होतं आणि गार शरीरात सगळंच मंदावतं. पण माझा खरा संशय असतो गॅसच्या साथीदारांवर. दुखू नये म्हणून दिलेली अफूवर्गीय औषधं, घाबरू नये म्हणून आधी दिलेलं झोपेचं इंजेक्शन, स्नायू सैल करणारं औषध, ही सगळी यकृत आणि मूत्रपिंडाच्या भरवशावर बाहेर पडतात, आणि एकोणऐंशीव्या वर्षी ती दोन्ही संथ चालतात. डेसफ्लुरेन वापरलं असतं तर वृद्ध पेशंट सेव्होफ्लुरेनपेक्षा काही मिनिटं आधी डोळे उघडतो, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी दोघांच्या डोक्याची चाचणी घेतली तर ठळक फरक सापडत नाही. त्या काही मिनिटांसाठी भांडण्यात अर्थ नाही. एवढ्या ऑपरेशननंतर या वयात पाऊण तास लागला म्हणून मी दचकणार नाही.

एक गैरसमज मात्र दवाखान्यांमुळेच पसरतो. रिकव्हरी रूममधून वॉर्डात पाठवताना नातेवाइकांना सांगतात, "पूर्ण शुद्धीवर आलेत." तिथून सोडण्यासाठी बऱ्याच ठिकाणी जी गुणपत्रिका वापरतात ती १९७० सालची, भूलतज्ज्ञ आल्ड्रेट यांची : हातपाय हलतात का, श्वास, रक्तदाब, जाग आणि त्वचेचा रंग (आता त्याजागी ऑक्सिजन). प्रत्येकी २ गुण, १० पैकी ९ मिळाले की सुटका. यात डोकं नीट चालतंय का हे कुणी विचारतच नाही, हाकेला जागं असलं की झालं. तो दाखला जिवाच्या सुरक्षिततेचा आहे, बुद्धीचा नाही.

आता ती दुसरी रात्र. आपल्याकडे याला "वात झाला" म्हणत. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. ऑपरेशननंतर पहिल्या तीन दिवसांत, बहुतेक वेळा मधे थोडा वेळ अगदी शहाण्यासारखं वागून झाल्यावर, अंधार पडला की तो उफाळतो आणि सकाळी ओसरतो. साठी-सत्तरीपुढच्या मोठ्या ऑपरेशनांत तो इतका नेहमीचा आहे की ऑपरेशनआधी घरच्यांना कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. तुम्हाला सांगितलं असतं तर भाऊ इतका हादरला नसता.

याची मुळं शोधली तर बहुधा अनेक सापडतात आणि त्यातली बरीच साधी असतात. कापल्याची जखम शरीरभर जी दाहाची लाट उठवते ती म्हाताऱ्या मेंदूपर्यंत पोहोचते, ती एक. त्यावर भर म्हणून न मिटलेलं दुखणं, किंवा ते मिटवायला दिलेलं जास्तीचं औषध. तुंबलेली लघवी. चार दिवसांचं बद्धकोष्ठ. रक्तातलं सोडियम उतरणं, ऑक्सिजन कमी पडणं, ताप, जंतुसंसर्ग. रोजची झोपेची गोळी किंवा रोजची दारू अचानक बंद होणं (हा प्रश्न घरचे डॉक्टरांपासून लपवतात, लपवू नका). रात्रभर लागलेले दिवे आणि दर दोन तासांनी रक्तदाब मोजायला येणारं माणूस. चष्मा कपाटात, कानाचं यंत्र पिशवीत. ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही आणि झोप नाही, त्याला अनोळखी माणूस हाताला हात लावतो तेव्हा चोर वाटणारच.

ऑपरेशननंतर "माणूस पूर्वीसारखा राहिला नाही" ही तक्रार जुनी आहे. १९५५ साली बेडफर्ड नावाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच वृद्धांबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून बोट भुलीकडे गेलं. १९९८ मध्ये त्याच नियतकालिकात साठीपुढच्या १,२१८ पेशंटांचा मोठा अभ्यास आला. हृदयाची सोडून इतर मोठी ऑपरेशनं झालेल्यांपैकी २५.८ टक्क्यांच्या स्मरणशक्तीत आणि एकाग्रतेत आठवड्यानंतर मोजता येईल अशी घट होती, तीन महिन्यांनी ती ९.९ टक्क्यांत उरली. त्यांतल्याच काहींना एक-दोन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा ऑपरेशन झालेल्यांत १०.४ टक्के आणि ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत १०.६ टक्के. म्हणजे दोन्ही गट सारखेच. भावाला हे आकडे दाखवा. बाबा पहिल्या महिन्यात वर्तमानपत्र धरून नुसते बसतात, यावरून ते कायमचे असेच राहणार असं कुणीही म्हणू नये.

तरीही तुमच्या पत्रातला एक शब्द मला खटकतो : पेंगतात. आरडाओरडा करणारा भ्रम सगळ्यांना दिसतो, गप्प पडून राहणारा भ्रम "थकलेत बिचारे" म्हणून निसटतो, आणि वृद्धांत हा गप्प प्रकारच जास्त. एक सोपी चाचणी घरी करा. सकाळी नाश्त्यानंतर, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून, त्यांना वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगा. थकलेला माणूस सावकाश म्हणेल, एखादा महिना चुकेल, हसेल. भ्रमातला माणूस तीन महिन्यांची नावं घेतली की धागाच सोडून देतो, किंवा सुरुवातच करत नाही. संध्याकाळी परत बघा. सकाळ-संध्याकाळमध्ये मोठी तफावत दिसली, तर आठवडा उलटून गेला म्हणून थांबू नका, याच आठवड्यात सर्जनना किंवा तुमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवा. जाताना ते घेत असलेली प्रत्येक गोळी सोबत न्या, दुखण्याची आणि खाज-सर्दीची सुद्धा. सर्दी-अ‍ॅलर्जीवरच्या जुन्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या वृद्धांचं डोकं गढूळ करण्यात पटाईत असतात. मात्र रोजची झोपेची गोळी स्वतःहून एकदम तोडू नका, त्यानेही भ्रम होतो. रक्तातलं सोडियम, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासा, पोट साफ होतंय का विचारा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोबडी वळणं, धाप लागणं, हाक मारूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांची वेळ वगैरे घेत बसू नका, थेट इस्पितळात न्या.

बाकी घरी करायचं ते कंटाळवाणं पण गुणकारी आहे. दिवसा खोलीत उजेड, पलंगाऐवजी खुर्ची, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, रोज चार पावलं जास्त. वर्तमानपत्र तुम्ही वाचून दाखवा आणि त्यावर त्यांचं मत विचारा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटांपैकी अर्ध्यांना नेमकं हेच दिलं : वेळेवर पाणी, झोप, चालणं, चष्मा, कानाचं यंत्र, गप्पा. भ्रमाचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. ते पेशंट ऑपरेशनचे नव्हते, औषधोपचाराच्या वॉर्डातले होते. पण नंतर सर्जरीच्या वॉर्डांनीही हीच पद्धत उचलली. भ्रम टाळण्यात एवढं यश आलेली गोळी माझ्या माहितीत नाही.

तीन महिन्यांनंतरही बाबांना पैशाचा हिशेब किंवा औषधांच्या वेळा जमत नसतील तर स्मृतीची रीतसर तपासणी करून घ्या. आणि एक प्रश्न घरात प्रामाणिकपणे विचारा : ऑपरेशनच्या आधीच्या वर्षात ते तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे का, ओळखीच्या रस्त्यावर चुकायचे का? आधीपासून हळूहळू सुरू असलेला विसर ऑपरेशनच्या निमित्ताने उघडा पडतो, असं खूप घरांत होतं.

आता आई. कमरेतून भूल म्हणजे मेंदू सुरक्षित, हे ऐकायला पटतं, पण खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर हे नीट पडताळून झालंय. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात भ्रम झाला कमरेतून भूल दिलेल्या २०.५ टक्क्यांना आणि पूर्ण भूल दिलेल्या १९.७ टक्क्यांना. कमरेतून भूल देताना अनेकदा जोडीला गुंगीचं औषधही देतात, म्हणून शंका राहिली. पुढच्या वर्षी चीनमधल्या अभ्यासात ती गुंगीही वगळली, तरी ६.२ आणि ५.१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. शिवाय दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, खांदा दुखतो आणि श्वास अडखळतो. ते जागेपणी सोसायला लावण्यापेक्षा पूर्ण भूल आईला जास्त सोयीची. अडून बसू नका.

अडून बसायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टींसाठी बसा. भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात भेटा, ऑपरेशनच्या टेबलाशेजारी नव्हे. बाबांना काय झालं ते सांगा. आईला ऑपरेशनपूर्वी गुंगीचं इंजेक्शन खरंच हवं का, ते विचारा. या वयात बहुतेकींना नको असतं, हात धरून दोन मिनिटं बोलणं पुरतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल आणि टाक्यांच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन आधी, अफूवर्गीय औषध लागेल तेवढंच. अंग गरम ठेवायची सोय आहे का? मेंदूच्या लहरी बघून भुलीची खोली मोजणारं यंत्र असेल तर उत्तम. त्याने भ्रम कमी होतो की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही, म्हणून ते नसलं तर ऑपरेशनची जागा बदलू नका. आणि उपाशी ठेवण्याचा अतिरेक होऊ देऊ नका. हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं (मधुमेहाची औषधं, पोट हळू रिकामं होणं वगैरे असेल तर भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील, ते ऐका). रात्री बारापासून दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्याशिवाय ठेवलेली वृद्ध बाई अर्धी लढाई आधीच हरलेली असते.

कवळी काढून द्यावी लागते, पण कानाचं यंत्र रिकव्हरी रूममध्ये शुद्धीवर येताच लावायला मिळेल असं सांगून ठेवा. लघवीची नळी घातलीच तर लवकर काढा. रात्री जवळ रोजच्या ओळखीचं माणूस हवं, दर चार तासांनी बदलणारे पाहुणे नकोत. ती काही भलतंसलतं बोलू लागली तर वाद घालू नका आणि होकारही भरू नका : "आई, मी इथेच आहे, तुझं ऑपरेशन झालंय, आता रात्रीचे दोन वाजलेत" एवढं संथपणे सांगा. हात बांधायची वेळ कुणी आणू लागलं तर आधी विचारा, लघवी तुंबली आहे का, दुखतंय का, ऑक्सिजन किती आहे. आणि भूल दिल्यापासून चोवीस तास तिच्याकडून कुठल्याही कागदावर सही घेऊ नका.

टाळण्याबद्दल. खडे तिला त्रास देत असतील तर घाबरून तारीख पुढे ढकलल्याने धोका कमी होत नाही, फक्त बेसावध वेळी येतो. सुजलेल्या, पू झालेल्या पित्ताशयाचं मध्यरात्री तातडीने ऑपरेशन करावं लागलं तर भ्रमाची शक्यता ठरवून केलेल्यापेक्षा वाढते. खडे आहेत पण कधी दुखलंच नाही, असं असेल तर मात्र सर्जनना विचारा, आत्ता काढायलाच हवेत का? तो प्रश्न भुलीचा नाही, पण विचारण्याचा हक्क तुमचा आहे. ऑपरेशन झाल्यावर बहुधा तिला दुसऱ्या दिवशी घरी सोडतील, म्हणजे ती दुसरी रात्र घरात काढायची आहे. डिस्चार्जचा कागद घेताना, रात्री गोंधळ सुरू झाला तर फोन नेमका कुणाला करायचा ते नाव आणि तो नंबर त्याच कागदावर लिहून मागा.